बीएमडब्ल्यू ३२८आयला बाहेरचे एअर इनटेक किट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी २०१४ सालची बीएमडब्ल्यू ३२८आय आहे. थ्री सिरीजची ही एफ३० पिढी भारतात २०१२ साली आली. तिची जुळणी चेन्नईजवळच्या कारखान्यात होत असे, आणि तिच्या बॉनेटखाली एन२० नावाचे दोन लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन असते, ज्याची कागदावरची ताकद २४५ अश्वशक्ती आणि टॉर्क ३५० न्यूटन मीटर आहे. मी ती चार वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली आणि आजही तिच्या पिकअपबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार होती ती आवाजाची. बीएमडब्ल्यूच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा चढता सूर ज्याने एकदा ऐकला आहे, त्याला हे इंजिन सकाळी थंड असताना चक्क डिझेलसारखे टकटकते, आणि पुढे रस्त्यावर लागल्यावर तर काच वर करून बसले की काहीच ऐकू येत नाही. पैसे खर्च करण्याची सुरुवात माणूस अशाच एखाद्या कारणापासून करतो आणि मग त्याला ‘पॉवर वाढेल’ असे भारदस्त नाव देतो. मीही तेच केले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पिंपरीच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये मी गाडीला परदेशी बनावटीचे एअर इनटेक किट, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या फिल्टर-नळीचा बदली संच, बसवून घेतले आणि नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात ते काढून टाकले. मधल्या दहा महिन्यांत एक कडक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा येऊन गेला, त्यामुळे अनुभव एकांगी नाही असे म्हणता येईल. किटचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अगदी याच बनावटीची किटे अनेक कंपन्या विकतात आणि माझे म्हणणे त्या बनावटीबद्दल आहे. कंपनीची एअर फिल्टरची प्लास्टिकची बंद पेटी काढायची, तिच्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा, त्याच्या बाजूला उष्णता अडवण्यासाठी पत्र्याची आडभिंत उभी करायची, आणि तिथून टर्बोपर्यंत, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यापर्यंत, अॅल्युमिनियमचा पाइप व सिलिकॉनची होज जोडायची, एवढाच सारा मामला. जकातीसह किटला ४८,००० रुपये लागले, फिटिंगचे २,५०० वेगळे. डब्यावर ‘१५ अश्वशक्तीपर्यंत वाढ’ असे छापलेले होते. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द मी तेव्हा नीट वाचला नव्हता.

वस्तूची बनावट उत्तम होती, हे आधी सांगून टाकतो. वेल्डिंग स्वच्छ, पावडर कोटिंग एकसारखे, ब्रॅकेटची भोके कंपनीच्या बोल्टच्या जागी तंतोतंत बसणारी. गॅरेजमधल्या मुलाने ते सव्वा तासात बसवले आणि कुठेही कानस लावावी लागली नाही. बॉनेट उघडून दाखवायचे असेल तर चार लोक थांबून बघतील, इतके ते देखणे दिसत होते.

तरीही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट किट बसवण्यापूर्वीच घडली होती. कंपनीची पेटी काढली तेव्हा तिच्या खालच्या भागात गुलमोहराच्या वाळलेल्या पाकळ्या, दोन चतुर, एक पतंग आणि मूठभर लालसर धूळ निघाली. तिथपर्यंत ठीक, कारण ती मळक्या हवेची बाजू, आणि घाण तिथेच अडावी यासाठीच तर फिल्टर असतो. पण फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे जिथून हवा थेट टर्बोकडे जाते त्या स्वच्छ बाजूला, झाकणाच्या एका कोपऱ्यापासून निघालेला धुळीचा एक ओघळ दिसला, बोटभर रुंद आणि चांगला चिकटून बसलेला. आदल्या सर्व्हिसिंगच्या वेळी कुणीतरी फिल्टर नीट खाचेत न बसवताच झाकण दाबून लावले होते. त्यामुळे फिल्टरच्या कडेची रबरी पट्टी एका कोपऱ्यात मुडपली गेली होती आणि एक क्लिप तुटलेली होती. ज्या वर्कशॉपने ते केले त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही. बिलात मात्र ‘एअर फिल्टर बदलला’ अशी नोंद होती आणि ती अक्षरशः खरी होती. आलिशान गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे, की इनटेकसाठी बाजारात जाण्यापूर्वी स्वतःच्या गाडीची पेटी एकदा उघडून स्वच्छ बाजूवरून पांढरे फडके फिरवून पाहावे. अवजार म्हणून लागला तर एक स्क्रूड्रायव्हर लागतो.

आता कंपनीच्या पेटीबद्दल, कारण तिला नावे ठेवल्याशिवाय कुणालाही किट विकता येत नाही. ‘कंपनीची पेटी इंजिनाचा श्वास कोंडते’ हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांनी ऐकवले. एफ३०मध्ये हवा घेण्याचे तोंड रेडिएटरच्या वरच्या काठावर, जाळीच्या मागे आहे. म्हणजे गाडी चालू असताना समोरून येणारी बाहेरची थंड हवा सरळ त्यात शिरते, तिथून बंद नळीने बंद पेटीत जाते, आणि इंजिनाच्या तापलेल्या हवेशी तिचा कुठेच संबंध येत नाही. बाजारात ‘कोल्ड एअर इनटेक’ या नावाने जे विकतात, ते या गाडीत कारखान्यातूनच आलेले आहे. पेटीला जे पोकळ फुगवटे दिसतात त्यांना विक्रेते ‘अडथळा’ म्हणतात, पण त्यांचे काम वेगळे आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटलीच्या आकारानुसार ठरावीक सूर निघतो. त्याच तत्त्वावर, एकोणिसाव्या शतकातल्या हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोकळ्या इनटेकमध्ये ठेवतात, आणि त्या इंजिनाच्या ओढीतून निघणारे नकोसे सूर गिळून टाकतात. त्या काढल्या की हवा वाढते असे नाही, आवाज मोकळा होतो. शांततेसाठी ज्यांनी जादा पैसे मोजून गाडी घेतली आहे, त्यांनी त्या पोकळ्या कशाला काढायच्या, हा प्रश्न मला किट काढताना सुचला. लावताना सुचायला हवा होता. अर्थात यात खुद्द कंपन्याही सरळ नाहीत, कारण याच बीएमडब्ल्यूने २०११च्या एम५मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत ऐकवण्याची सोय केली होती. आधी आवाज बंद करायचा आणि मग तो वाजवून दाखवायचा.

हवेचा हिशेब एकदा मांडला की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि एवढ्या ताकदीचे इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला जवळपास २०० ग्रॅम हवा ओढते. पुण्याच्या उंचीवर आणि ३० अंश तापमानात तेवढ्या हवेचे आकारमान सुमारे १८० लिटर भरते. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी हवेने भरलेली असती, तर या इंजिनाने ती साडेपाच सेकंदांत रिकामी केली असती. हा आकडा ऐकून मोठा फिल्टर लावावासा वाटणे साहजिक आहे. पण हेच इंजिन सिग्नलला उभे असताना सेकंदाला जेमतेम तीन ग्रॅम हवा घेते, आणि कर्वे रस्त्यावरून किंवा हिंजवडीच्या रांगेतून जाताना त्याची गरज कधीच फार वाढत नाही. फिल्टरचा अडथळा जाणवायचा तर पाय पूर्ण दाबलेला हवा आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या पुढे हवा. तसे क्षण माझ्या महिनाभराच्या गाडी चालवण्यात एकूण मिळून दोन-तीन मिनिटांचे असतील.

आणि त्या दोन-तीन मिनिटांतही टर्बो इंजिनाचा स्वभाव आड येतो. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा बाहेरच्या वातावरणाच्या दाबानेच आत ढकलली जाते, त्यामुळे वाटेतला अडथळा कमी केला की थोडा तरी फायदा पदरात पडतो. टर्बोच्या गाडीत मात्र सिलिंडरमध्ये किती दाबाची हवा भरायची, हे गाडीच्या संगणकाने ठरवलेले असते. तेवढा दाब झाला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि टर्बोचा जोर रोखला जातो. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट ज्या उंचीला बांधला आहे तिथेच पाणी थांबते. खाली मोटरचा फुटव्हॉल्व्ह घासून स्वच्छ केला तर मोटरला जोर कमी लावावा लागेल, टाकी काही जास्त भरणार नाही. किटने माझ्या टर्बोचे कष्ट किंचित कमी केले असतील, हे मी मान्य करतो. फ्लोट उचलायचा असेल तर संगणकाची आज्ञावली बदलावी लागते, म्हणजे गॅरेजच्या भाषेत रिमॅप करावा लागतो, आणि तो माझ्या गाडीला केलेला नाही.

ही झाली पुस्तकी बाजू, पण ५०,५०० रुपये गेल्यावर माणूस पुस्तकावर विश्वास ठेवत नाही, म्हणून मी मोजमाप केले. पहाटे साडेपाचला, रिकाम्या आणि सपाट रस्त्यावर, गिअर हाताने तिसऱ्यावर ठेवून ५० ते ९० किलोमीटर वेग गाठायला किती वेळ लागतो, हे गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवरून नोंदवले. दोन्ही दिशांना मिळून कंपनीच्या पेटीसह दहा वेळा आणि किटसह दहा वेळा, टाकीत साधारण तेवढेच पेट्रोल आणि गाडीत मी एकटा. दोन्ही प्रकारांत वेळ ३.१ ते ३.४ सेकंदांच्या मध्ये कुठेतरी पडत राहिली. एका दिशेने जाताना किट पुढे आणि परत येताना पेटी पुढे, असे दोनदा झाले. मला दिसलेला सर्वांत मोठा फरक हवेच्या थंडाव्याचा होता. डिसेंबरातल्या पहाटे कोणताही फिल्टर लावा, एप्रिलपेक्षा गाडी चांगलीच पळते.

थंडाव्याचा विषय निघालाच आहे तर उष्णतेबद्दल सांगतो, कारण किटचा सर्वांत लंगडा पाय तोच निघाला. हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता जवळपास एक टक्क्याने घटते. फ्रिजचे तापमान बघण्यासाठी लांब वायरीचा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो विद्युत सामानाच्या दुकानातून आणून त्याचे टोक मी फिल्टरच्या तोंडाशी टेपने चिकटवले आणि वायर बॉनेटखालून आत आणून डॅशबोर्डवर आकडा ठेवला. मे महिन्यातल्या दुपारी, बाहेर ३८ अंश असताना, चांदणी चौकाकडच्या गर्दीत वीस मिनिटे रेंगाळल्यावर कंपनीच्या पेटीत ४९ अंश दिसत होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच गर्दीत किटच्या फिल्टरपाशी ६६. आडभिंतीचा पत्रा स्वतःच इतका तापला होता की हात लावता येत नव्हता, आणि बॉनेटला टेकणारी तिची रबरी कड दोन महिन्यांतच एका बाजूने सुटून आली होती. हायवेला लागून गाडीने ८० गाठले की दोन-तीन मिनिटांत हा फरक ३ अंशांवर येत असे. यातले बरेचसे नुकसान इंटरकूलर भरून काढतो, कारण टर्बो हवा दाबतानाच ती शंभर अंशांच्या पुढे नेतो आणि पुढच्या बंपरमागचा इंटरकूलर ती पुन्हा खाली आणतो. त्यामुळे सुरुवातीचे १७ अंश सिलिंडरपर्यंत १७च राहत नाहीत. पण हवा ‘थंड’ करून देण्यासाठी घेतलेली वस्तू भर गर्दीत ती तापवून देते, एवढे तर उघड झाले.

पुढचा मुद्दा हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. फिल्टरच्या लगेच पुढे नळीत एक तापवलेली बारीक पट्टी असते. जाणारी हवा तिला किती गार करते यावरून संगणक हवेचे वजन काढतो आणि त्यानुसार पेट्रोल सोडतो. हे गणित कंपनीच्या नळीच्या व्यासावर आणि वाऱ्याच्या सरळपणावर बेतलेले असते. समजा, ७० मिलिमीटरच्या नळीऐवजी ७६ मिलिमीटरची लावली, तर क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी वाढते, तीच हवा सेन्सरपाशी संथ होते आणि संगणकाला ती कमी असल्याचे भासते. माझ्या किटमधला व्यास बराचसा जुळवलेला होता, पण वळण सेन्सरच्या फार जवळ आले होते आणि हवा सरळ करणारी जाळी दिलेली नव्हती. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो, म्हणजे संगणकाला आपल्या अंदाजात किती कायमची दुरुस्ती करावी लागते ते. तो पूर्वी अधिक २ टक्क्यांच्या आसपास असे, किटसोबत अधिक ८ झाला. गाडी ते सांभाळून घेते आणि दिवा लागत नाही. पण आपण गाडीला सुधारणा दिली आहे की नवीन काम, असा प्रश्न तो आकडा बघताना पडतो.

दिवा एकदा लागलाच. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत असताना गाडीने एकदम अंग टाकले, चेक इंजिनचा पिवळा दिवा आला आणि एक्सलरेटर दाबला की पुढून जोरात श्वास ओढल्यासारखा आवाज येऊ लागला. घाटमाथ्यावर जागा बघून बाजूला घेतली. सेन्सर आणि टर्बो यांच्यामधल्या सिलिकॉन होजची क्लॅम्प ढिली होऊन होज पुढच्या बाजूने अर्धी निसटली होती. तिथून शिरणारी हवा सेन्सरने मोजलेलीच नसल्याने मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते आणि फिल्टर न झालेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जात होती. चहाच्या टपरीवाल्याकडे सुदैवाने स्क्रूड्रायव्हर होता. त्याने बॉनेटखाली डोकावून “साहेब, एवढ्या मोठ्या गाडीला पाण्याच्या पंपाची क्लिप कशी काय?” असे विचारले, आणि खरेच ती क्लॅम्प अगदी तशीच होती, खाचा पाडलेल्या पट्टीची. कंपनीच्या जोडात रबर पक्के धरून ठेवणारी रचना असते आणि ती हलत्या इंजिनाच्या हिशेबाने केलेली असते. फिटिंग करणाऱ्या गॅरेजने पाचशे किलोमीटरनंतर सगळ्या क्लॅम्पा पुन्हा आवळायला बोलवायला हवे होते. त्यांनी बोलवले नाही आणि मलाही सुचले नाही.

धुळीबद्दल जरा सविस्तर लिहितो. टर्बो आणि पिस्टनच्या रिंगा यांना दोन-चार अश्वशक्तीपेक्षा वाळूच्या बारीक कणांची जास्त काळजी असते, आणि आपल्याकडे मेट्रोचे खांब, फोडलेले रस्ते आणि डोंगर पोखरणाऱ्या खडी मशिनी यांच्यामुळे अशा कणांना तोटा नाही. फिल्टर तपासण्यासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात ठरावीक दर्जाची धूळ ठरावीक वेगाने फिल्टरवर सोडतात आणि किती अडली, किती पलीकडे गेली व अडथळा किती वाढला, ते वजन करून बघतात. चांगल्या कागदी फिल्टरची बलस्थाने अडवण्यात असतात. तेल लावलेल्या सुती कापडाचा फिल्टर हवा थोडी सहज सोडतो आणि धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतो. ही कल्पना लोकप्रिय केली ती केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डॉनल्ड या शर्यतीच्या शौकिनांनी १९६९ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या के अँड एन कंपनीने. त्यांची पार्श्वभूमी मोटारसायकलच्या शर्यतींची, आणि शर्यतीचे इंजिन दर थोड्या दिवसांनी उघडले जाते ही गोष्ट आपण घरच्या गाडीला तोच न्याय लावताना विसरतो. आणखी एक उलटी वाटणारी बाब अशी, की फिल्टर थोडा मळला की अधिक चांगला गाळतो, कारण साचलेली धूळच गाळणीचे काम करू लागते. म्हणून दर महिन्याला हवेचा प्रेशर मारून फिल्टर ‘साफ’ करून देणारे हात थांबवलेले बरे.

मी घरगुती परीक्षा घेतली. फिल्टरच्या पलीकडच्या नळीत, स्वच्छ बाजूला, आतून बोटभर जागेवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला आणि एक हजार किलोमीटरनंतर पांढऱ्या रुमालाने पुसून घेतले. नवा कागदी फिल्टर नीट बसवलेला असताना रुमालावर जवळपास काही आले नाही. मूळ पेटीतच बसणारा सुती फिल्टर, जो मी या प्रयोगाच्या हव्यासापोटी ७,५०० रुपयांना घेतला (तो वर सांगितलेल्या कंपनीचा नव्हता), त्याच्यानंतर फिकट करडी छटा आली. किटच्या शंकूनंतर रुमालावर गेरूसारखी स्पष्ट पिवळट लाल रेघ उमटली आणि ती बोटांत चोळली तर किंचित खरखरली. ही प्रयोगशाळा नव्हे आणि तिन्ही हजार किलोमीटर काही एकाच रस्त्यावर झाले नाहीत, हे मला कळते. पण ती खरखर बोटांना जाणवल्यानंतर त्या किटवरचे माझे मन उडाले ते उडालेच.

पावसाळ्याने उरलेले काम केले. उघडा शंकू मूळ पेटीच्या जागीच असल्यामुळे तो बंपरच्या तळाशी फिल्टर नेणाऱ्या लांब नळीच्या किटांइतका धोकादायक नाही. त्या प्रकारात साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन सरळ पाणी ओढते, पाणी दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. असे नुकसान साध्या मोटार विम्यात बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर घ्यावे लागते. आणि गाडीत न कळवलेला बदल सापडला तर त्या कव्हरवरही वाद होऊ शकतो. माझ्याकडे एवढेच झाले, की जुलैतल्या एका संततधारेत पुढच्या ट्रकने उडवलेला फवारा जाळीतून आत आला आणि घरी येऊन बघतो तर शंकूचा पुढचा भाग ओलाचिंब, त्याच्या घड्यांमध्ये गढूळ पाण्याचे थेंब. मूळ पेटीच्या तळाशी पाणी निथळायला वाट असते. इथे ते निथळत होते ते फिल्टरच्याच कापडातून.

आवाजाबद्दल मात्र किटने शब्द पाळला, आणि ते सांगितले नाही तर परीक्षण अप्रामाणिक होईल. दोन हजारांच्या पुढे टर्बोची बारीक शीळ सुरू होते, ती चार हजारांपर्यंत चढत जाते, आणि पाय उचलताक्षणी दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा ‘फुस्स’ असा मोठा सुस्कारा ऐकू येतो. पहिले पंधरा दिवस मी केवळ तेवढ्यासाठी लांबच्या रस्त्याने घरी येत होतो. बोगद्यात काच खाली करत होतो, हेही कबूल करतो. पण गर्दीत दर तीस फुटांवर पाय उचलावा लागतो आणि दर तीस फुटांवर तो सुस्कारा ऐकावा लागतो. दिवाळीत गावाकडे जाताना मागे बसलेल्या माझ्या वडिलांनी शिरवळपर्यंत दोनदा सांगितले, “बाळ, चाकातून हवा जातेय, उतरून बघ एकदा.” तिसऱ्यांदा त्यांनी ते सांगितले तेव्हा मी उतरलो आणि चारही चाके बघितली, कारण खरे कारण सांगायचे तर त्याची किंमतही सांगावी लागली असती.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ने नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला मना केला आहे, जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा काटेकोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२एमध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इनटेकचा उल्लेख आरसी बुकात नसतो म्हणून ‘चालून जाते’ असे विक्रेते सांगतात. बॉनेट उघडायला लावणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हा युक्तिवाद करून बघण्याची मला हौस नाही. कॅलिफोर्नियात तर अशा प्रत्येक किटला तिथल्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो आणि तो बॉनेटखाली चिकटवावा लागतो. आपल्याकडे विकताना त्या क्रमांकाचे स्टिकर कौतुकाने दाखवतात, पण इथे त्याचा उपयोग शून्य.

रिमॅप केलेल्या, दाब बराच वाढवलेल्या ३२८आयला इनटेकचा थोडा उपयोग होईल, हे मी मानतो. पण त्या वाटेने जाणाऱ्याने आधी टर्बोपासून निघणाऱ्या प्लास्टिकच्या चार्ज पाइपकडे बघावे, कारण वाढीव दाबाला तो तडकतो ही या इंजिनाची ठाऊक असलेली खोड आहे. आणि इनटेक घ्यायचाच तर उघडा शंकू न घेता बंद डब्यातला, मूळ तोंडाशी जोडला जाणारा घ्यावा. ज्यांची गाडी कंपनीने दिली तशीच आहे, त्यांच्यासाठी माझा कौल सरळ आहे: १,८०० रुपयांचा चांगल्या जर्मन बनावटीचा कागदी फिल्टर, तुटलेल्या क्लिपा नव्या, आणि झाकण लावताना रबरी पट्टीवरून चारही बाजूंनी एकदा बोट फिरवणे. माझ्या गाडीत आज तेच आहे. फ्युएल ट्रिम पुन्हा २वर आली, अॅव्हरेज आधीही बदलले नव्हते आणि आताही नाही, वडिलांची चाकांबद्दलची शंका मिटली.

किट दोन महिने माळ्यावर पडून होते. मग नाशिकचा एक तरुण ते बघायला आला. त्याच्याकडे याच मॉडेलची, रिमॅप केलेली गाडी. मी त्याला रुमाल दाखवला, थर्मामीटरच्या नोंदी दाखवल्या, खंबाटकीची हकीकत सांगितली, आणि क्लॅम्पा बदलून चांगल्या प्रतीच्या लावायला सांगितल्या. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, पाइप हातात धरून उजेडात फिरवून पाहिला, २६,००० रुपये मोजून दिले आणि डबा उचलता उचलता विचारले, “काका, पण आवाज येतो ना?”

येतो, म्हणालो.